नवला भोप्याचं जेवण

"चटणी थोडी अजून घाल, बाई," एवढंच तो म्हणाला, आणि वरदीच्या हातातली पळी उडदाच्या डाळीत दांड्यासकट बुडाली. मेळ्याचा चौथा दिवस होता, दुपारचे बारा वाजत आले होते. समोर रांग होती. गळ्यात कार्डं अडकवलेले कलाकार, फतेहपुऱ्याच्या बंगल्यांतल्या बायका, एका शाळेची सहल. शेजारच्या चौथऱ्यावर गुजरातचे सिद्दी ढोल उन्हात तापवत बसले होते. तिने पळी काढायला हात घातला, डाळ कढत होती, तरी हात ओढून घ्यायचं तिला सुचलं नाही. "भाजलं की," तो म्हणाला. "हळू, बाई." 'बाई' म्हणताना तो शेवटचा स्वर नाकात नेऊन सोडायचा. एकोणतीस वर्षांत तो आवाज म्हातारा झाला होता, त्याला धाप लागत होती, पण नाकातला स्वर तोच होता. याच स्वरात तो म्हणाला होता, "हीच. हीच खाते." वरदीने मान खाली ठेवून त्याच्या पळसाच्या द्रोणात चटणी वाढली. मग जास्तीचं तूप वाढलं. का वाढलं ते तिला तेव्हा कळलं नाही. तो बाजूच्या बाजेवर टेकला आणि खाऊ लागला. पळसाच्या पानात भाजलेला मक्याचा पानिया तो डाळीत मोडत होता. गळ्यातल्या कार्डावर त्याचा फोटो होता आणि फोटोखाली नाव, ते तिने बरोबर काम करणाऱ्या टमूकडून वाचून घेतलं. टमू पाचवी शिकलेली. "नवला भोपा. गवरी. लोककलाकार," टमूने वाचलं. "का गं? ओळखीचा आहे?" "नाही," वरदी म्हणाली. "जेवण आवडलेलं दिसतंय म्हणून विचारलं."

दुपारभर ती भाजलेली बोटं ओल्या फडक्यात धरून पानिया थापत राहिली. मक्याचं पीठ मळायचं, पळसाच्या दोन पानांमध्ये दाबायचं, गोवऱ्यांच्या विस्तवात सरकवायचं. वर्षभर ती मुलींच्या होस्टेलात पोळ्या लाटायची, आणि डिसेंबरातले हे दहा दिवस रजा काढून टमूबरोबर मेळ्यात झोपडी लावायची. हे अकरावं वर्ष. या दहा दिवसांत तिला डोंगरातल्यासारखा वास येई, पळसाच्या भाजक्या पानाचा, आणि तेवढ्यासाठीच ती येई, हे तिने टमूला कधी सांगितलं नव्हतं. तसं तिने टमूला काहीच सांगितलं नव्हतं. आपण महुडाफळा गावच्या हे नाही, आपला नवरा गोमा खाणीत दरडीखाली गेला हे नाही, आपल्याला कंकू नावाची मुलगी होती हेही नाही. टमूला एवढंच ठाऊक होतं की वरदीला पोरं आवडत नाहीत. टमूची नातवंडं खोलीवर आली की वरदी तोंड फिरवून भांडी घासायला बसायची. बारशाला बोलावलं तर कपडा पाठवायची, स्वतः जायची नाही. "कोरडी आहेस तू," टमू एकदा म्हणाली होती. वरदीने ते ऐकून घेतलं, कारण खरं सांगण्यापेक्षा कोरडं असणं सोपं होतं. खरं असं होतं की खेमाच्या मुलाकडे तिने पाहिलं होतं. खेमा तिचा थोरला दीर. गोमा गेला त्याच्या पुढल्या महिन्यात खेमाचा तीन वर्षांचा मुलगा अंगणात शेळीच्या पिल्लाशी खेळत होता आणि वरदी त्याच्याकडे पाहत राहिली होती, की हा आपला असता तर विहिरीजवळची जमिनीची पट्टी आपल्याकडून कोणी मागितली नसती. एवढंच मनात आलं होतं. पंधरा दिवसांनी पोराला ताप चढला आणि दोन दिवसांत पोर गेलं. मग देवाच्या चौथऱ्यावर नवला भोप्याच्या अंगात आलं. मूठभर दाणे, घुमणारी मान, ओठांच्या कडेला फेस, आणि वरदीवर रोखलेलं ते बोट: डाकण, पोरं खाणारी.

त्यांनी तिला महुव्याच्या झाडाला बांधून मिरच्यांचा धूर दिला. विळा तापवून उजव्या हातावर ठेवला, निर्दोष असशील तर भाजणार नाहीस म्हणाले, आणि भाजलं तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहून हुंकारले, जणू गणित सुटलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिला शिवेपर्यंत हाकललं. चार वर्षांच्या कंकूला जावेने कमरेला धरून ठेवलं होतं. कंकू रडली का, हे वरदीला आठवत नाही. पुष्कळ वर्षं ती हे आठवायचा प्रयत्न करत होती. धूर आठवे, हाताचा वास आठवे, शिवेवरचा दगडही आठवे, कंकूचं तोंड मात्र कोणीतरी खरवडून काढल्यासारखं कोरं. आणि शहरात, होस्टेलच्या मोरीत, मध्येच तिच्या मनात येई, की मी पाहिलं होतं खरं. पाहिलं होतं आणि पोर मेलं. देव कशाला खोटं बोलेल. नऊ वर्षांपूर्वी तिला कळलं की कंकूला रेलावाडला दिलंय, तेव्हा ती जीप करून गेली. कंकू हातपंपावर होती, कडेवर तान्हं. वरदीने नाव सांगितलं. कंकू ओरडली नाही. तिने ओढणी ओढून बाळाचं तोंड झाकलं, भरलेली घागर तिथेच टाकली आणि घरात जाऊन कडी लावली. परतताना वरदीला राग आला नव्हता. बरं केलं पोरीने, असं तिला वाटलं होतं. हेच आता तिला डाळ ढवळताना आठवलं. पोरीने कडी लावली ते मला स्वतःला बरं वाटलं होतं. हे त्याने केलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. कलाकारांच्या मेसमध्ये डाळीत साखर घालतात म्हणाला. "तुमच्याकडून पैसे नाही घ्यायचे, भोपाजी. देवाचं करता तुम्ही," वरदी म्हणाली, आणि आपला आवाज इतका गोड निघाला याचं तिला नवल वाटलं. तो खुश झाला. बाजेवर मांडी घालून जेवला, मग गप्पा मारत बसला. गवरी हा आमच्या देवाचा खेळ, भादव्यातला, चाळीस दिवस अनवाणी राहायचं, हिरवी भाजी खायची नाही, जमिनीवर झोपायचं, आणि हे लोक आम्हाला पौषाच्या थंडीत पंचवीस मिनिटं नाचवतात. पण काय करणार, सरकारचं बोलावणं. "तुझ्या हाताला चव आहे, बाई," जाताना तो म्हणाला. तिने उजवा हात पदराखाली घेतला. मग मुद्दाम बाहेर काढला आणि त्याच्या हातावर बडीशेप ठेवली. हाताच्या पाठीवरचं ते पांढरं, ताणलेलं कातडं त्याच्या नजरेसमोर होतं. त्याने बडीशेप तोंडात टाकली.

त्या दिवसापासून वरदी मोजू लागली. एक जेवण. दोन जेवणं. त्याच्याबरोबर त्याच्या संघातले लोक येऊ लागले, शेवटी तेराच्या तेरा, आणि ती सगळ्यांना वाढायची, पानिया आपल्या हाताने मोडून. टमू कुरकुरली, की फुकट किती घालशील. "माझ्या वाट्यातून घालते," वरदी म्हणाली. पाणवठ्याजवळच्या भिंतीला धोत्रा उगवला होता. दोन दिवस ती घागर घेऊन तिकडून गेली आणि दोन्ही दिवस थांबली. बिया काट्यांच्या बोंडांत होत्या, तिला त्या कशा वाटायच्या ते ठाऊक होतं. पण विष घातलं तर तो खरा ठरणार होता. महुडाफळ्यात म्हणतील, बघा, नवलाबा तेव्हाच म्हणाले होते. नाही, त्याला साधंच जेवण द्यायचं. चांगलं, गरम, तुपाचं. आणि मेळा संपायच्या आदल्या दिवशी त्याच्या माणसांसमोर सांगायचं, की तू डाकणीच्या हातचं खाल्लंस. मग बघू तुझ्या अंगात कोण येतं. गावात त्याच्या अंगणात कोणी पाणी पिणार नाही. तो देवळाच्या पायरीखाली बसेल, एकटा. हे चित्र ती विस्तवासमोर बसून इतक्यांदा रंगवायची की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटायची. अशीच असते का डाकण. अशी भुकेली.

आठव्या दिवशी चार वाजता तिने झोपडी टमूवर सोपवली आणि मोठ्या रंगमंचाकडे गेली. एकोणतीस वर्षांत तिने कोणाच्या अंगात येताना पाहिलं नव्हतं. मांदळ वाजू लागला तेव्हाच ती दगडी पायऱ्यांवर, पाठीमागे, एका कुटुंबाच्या शेजारी टेकली. बंजारा आला, त्याची बायको झालेला मिशीवाला बाप्या आला, लोक हसले. मग नवला मध्ये आला, केस मोकळे सोडून, आणि त्याची मान घुमू लागली. तीच. तीच मान, तोच फेस. वरदीच्या घशात मिरचीचा धूर दाटला, तिला खोकला आला, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. आणि बाटली घेताना वरदीला दिसलं की रंगमंचाच्या कडेला निवेदन करणारी मुलगी उभी आहे आणि तिने हाताची पाच बोटं वर केली आहेत. पाच मिनिटं राहिली. घुमत्या मानेतून, मोकळ्या केसांतून नवलाचे डोळे त्या बोटांकडे गेले. गेले आणि परत आले. घुमणं वाढलं. मुलीने दोन बोटं दाखवली, तेव्हा तो गुडघ्यांवर आला. मुलीने मूठ मिटली, तेव्हा देव उतरला. टाळ्या पडल्या. नवलाने केस मागे टाकले, तोंड पुसलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

वरदी उठली नाही. पुढचा कार्यक्रम सुरू झाला, मणिपूरच्या मुली भांड्यांसारखे गोल घागरे घालून सरकत आल्या, तरी ती बसून होती. रडावंसं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. आत काहीतरी गार होत गेलं, गोवरी विझते तसं, कडांकडून आत. त्याला दिसत होतं. अंगात आलेलं असतानाही त्याला सगळं दिसत असतं. त्या दिवशी चौथऱ्यावर त्याने खेमाकडे पाहिलं असेल, खेमाने मान हलवली असेल, आणि मग बोट उठलं असेल. आणि मी. मी तेवीस वर्षांची पोर, हाताला हळद लावून, मोरीत बसून स्वतःच्या मनात शोधत होते, की मी त्या पोराकडे कसं पाहिलं, किती पाहिलं, कुठल्या डोळ्याने पाहिलं. आयुष्य गेलं शोधण्यात. शेजारच्या बाईच्या खांद्यावर एक तान्हं होतं, काजळ फासलेलं, जांभई देत होतं. वरदीने त्याच्याकडे पाहिलं. नजर काढून घेतली नाही. त्याच्या नाकात शेंबूड वाळला होता, कानामागे मऊ लव होती. ते तिच्याकडे बघत राहिलं, मग कंटाळून आईच्या मानेत तोंड खुपसून झोपलं. कुणाला काही झालं नाही.

नवव्या दिवशी दुपारी संघ जेवायला आला. तेरा जण, बाजांवर आणि जमिनीवर. होमा गमेती त्यांचा मुख्य, चाळिशीचा, कामाला शाळेत शिपाई, गवरीत बंजारा व्हायचा. वरदीने सगळ्यांना वाढलं. दुसऱ्यांदा वाढलं. मग पातेलं खाली ठेवून नवलासमोर उभी राहिली.

"भोपाजी, मला ओळखलंत?"

"तू वरदीबाई. तुझ्या या मैत्रिणीने सांगितलं की नाव."

"महुडाफळ्याची. गोमाची बायको."

नवलाचं चावणं थांबलं नाही, फक्त मंदावलं. होमाने द्रोण खाली ठेवला. दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवला वाकला, हळू आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "हात बघितला तेव्हाच ओळखलं. तू काही तशी नव्हतीस, बाई. खेमाने दोन बकरे दिले, तुझी पट्टी त्याला हवी होती. खेमा मेला आता. जाऊ दे. तू शहरात बरी राहिलीस."

त्याला वाटत होतं की तो तिला काहीतरी देतोय. त्याच्या डोळ्यांत दया होती, आणि त्या दयेने वरदीच्या कानशिलांत घण बसले. ओळखून जेवला. भूक लागली होती म्हणून, मेसच्या डाळीत साखर होती म्हणून.

"जरा मोठ्यानं," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. मोठ्यानं बोला. यांना ऐकू दे."

"बाई, जेवू दे लोकांना."

वरदी मागे फिरली. टमू विस्तवाशी बसून तोंड उघडं टाकून पाहत होती. "ऐका रे," वरदी म्हणाली, आणि तिचा आवाज शांत होता, मुलींना जेवायला हाक मारावी तसा. "मी महुडाफळ्याची डाकण. या भोप्याच्या तोंडून देवाने मला डाकण ठरवलं. माझा हात बघा. इतके दिवस तुम्ही या हातचं जेवताय. आता तुमच्या पोटात आहे ते."

एका पोराने तोंडातला घास थुंकला. दुसऱ्याने पोटावर हात दाबला. एक जण उठून कुंपणाशी गेला आणि ओकू लागला. होमा गमेती मात्र जागचा हलला नाही. तो वरदीच्या हाताकडे बघत होता. "मी दहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "मिरचीच्या धुरानं आम्ही पोरं खोकत होतो. घरात घालून घेतलं आम्हाला." मग तो नवलाकडे वळला. "नवलाबा, ही डाकण आहे?"

नवलाने द्रोण बाजेवर ठेवला.

"हो म्हटलंत तर तुम्हीही तिच्या हातचं खाल्लंय. सगळ्यांच्या आधी खाल्लंय. आम्हाला इथे तुम्ही आणलंत. गावात शिरायचं कसं आम्ही? माझी बायको बाळंतीण आहे."

"आणि नाही म्हटलंत तर देव खोटा?" कुंपणाशी ओकणाऱ्याने तोंड पुसत विचारलं.

नवला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याच्या द्रोणात अर्धा पानिया उरला होता, त्यावर तूप थिजू लागलं होतं. तिने मनात इतके दिवस याला थरथरताना, लोळताना पाहिलं होतं, आणि समोर एक म्हातारा नुसता विचार करत होता, दोन वाटांतली कुठली कमी खड्ड्यांची आहे याचा. तिला त्याचा पश्चात्ताप नको होता. तो असताच तर तिने तो पायाखाली घेतला असता.

"नाही," नवला शेवटी म्हणाला. "नव्हती ती. मी खोटं बोललो. खेमाने सांगितलं म्हणून."

"देवाच्या नावानं?" होमाने विचारलं.

"देवाच्या नावानं."

होमाने खाली ठेवलेला द्रोण उचलला, उरलेली डाळ बोटाने निपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी खाल्ली. "हे गावात बोलायचं," तो म्हणाला. "दारोदार. नाहीतर आम्ही तेरा जण इथलं जेवून गेलो हे कोणी ना कोणी सांगणारच, आणि मग आम्हाला कोण पोरगी देईल?" त्याला वरदीची कीव आली नव्हती, हे वरदीला स्पष्ट कळलं. त्याला आपल्या घराची काळजी होती. तिला ते पुरेसं होतं.

"आधी रेलावाड," ती म्हणाली. "तिथून सुरुवात."

मेळा संपल्यावर दुसऱ्या सकाळी संघाच्या जीपमध्ये ती नवलाच्या समोर बसली. टमूने निघताना पानिया फडक्यात बांधून दिले आणि तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, चांगला वेळ. घाट उतरताना नवलाचं डोकं काचेवर आपटत होतं. तो दोनदा म्हणाला की छातीत दुखतंय. जीप थांबली नाही. वरदी त्याच्याकडे बघत होती, सबंध रस्ताभर. त्याने डोळे मिटले तरी तिची नजर हलली नाही, आणि डोळे मिटलेल्या माणसाला नजर कळते हे तिला त्याच्या पापण्यांवरून दिसत होतं.

रेलावाडची घरं डोंगरातल्या सगळ्या वस्त्यांसारखी, एकेका टेकाडावर एकेक. कंकू अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होती. तिच्या कपाळाशी केस पिकले होते, तेहतिसाव्या वर्षीच. वरदी कुंपणापाशी थांबली. होमाने नवलाला दंडाला धरून पुढे केलं आणि नवलाने सांगितलं. चार वाक्यं. खेमा, पट्टी, दोन बकरे, खोटं. कंकूचा नवरा दारात आला, शेजारच्या टेकाडावरून एक म्हातारी हाताचा आडोसा करून बघू लागली. कंकूने काठी खाली टाकली नाही.

"तेव्हा तू देवाच्या तोंडानं बोललास," ती नवलाला म्हणाली. "आज स्वतःच्या तोंडानं बोलतोयस. मी कुठलं खरं धरू?"

नवलाने होमाकडे पाहिलं, होमाने वरदीकडे. कंकूने मग आईकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि ते पाहणं ना मायेचं होतं ना द्वेषाचं. बाजारात दोन गाडग्यांपैकी कुठलं फुटकं आहे ते ठोकून बघावं तसं. वरदीने ते सगळं अंगावर घेतलं. तिला धावत जाऊन त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली नाही. तिला वाटलं की या पोरीचं डोकं चालतं. विचारायला पाहिजे होतं ते हेच, आणि मी मोरीत बसून हे कधीच विचारलं नाही.

"लगेच धरू नकोस," ती कंकूला म्हणाली. "आधी बाकीच्यांना ऐकू दे. तोपर्यंत विचार कर."

नवला अंगणातल्या दगडावर बसला होता. त्याला धाप लागली होती, त्याने पाणी मागितलं. कंकूच्या नवऱ्याने कंकूकडे पाहिलं, आणि कंकू शेंगा बडवायला वळली.

"उठा, भोपाजी," वरदी म्हणाली. पुढचं घर समोरच्या टेकाडावर होतं, त्याच्या मागे अजून एक, आणि दरीपलीकडे महुडाफळ्याची तेवीस. ती म्हातारी अजून हाताचा आडोसा करून उभी होती. वरदीने पदर खोचला आणि चढणीला लागली, मागून त्याच्या पावलांचा आवाज येतोय ना ते ऐकत.